पाचवीतल्या मुलाला परत बाराखडी? हो, पण गाण्यातली नको

आमच्या खालच्या मजल्यावरचा एक मुलगा पाचवीत आहे, मराठी शाळेत. कालच्या मॅचची शेवटची ओव्हर बॉल बाय बॉल सांगेल इतका बोलका, पण पुस्तक पुढे धरलं की घाटात गाडी बंद पडावी तसं होतं. परवा वाक्य होतं 'दुकानदाराने पिशवी भरून दिली', याने वाचलं 'दुकानात पिवळी भरली'. पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं ठोकून द्यायचं, अंदाजपंचे दाहोदरसे. चुकतंय हे त्यालाही कळत होतं, कारण डोळे पुस्तकापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त.

मग मी एका कागदावर नुसतं 'मो' लिहून दाखवलं. ओठ हलायला लागले, म मा मि मी मु मू मे मै... मो! म्हणजे बाराखडी पाठ आहे, पण गाणं म्हणून पाठ आहे आणि गाणं काही मधूनच सुरू करता येत नाही. प्रत्येक मात्रेला हा असा सुरुवातीपासून पळत जाणार, तोपर्यंत शब्दाचा पहिला भाग डोक्यातून गेलेला.

हा एकटाच असा आहे असं समजू नका. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. बाकीची निम्मी मुलं पाचवीत बसून इतिहास-भूगोलाची पुस्तकं नुसती उघडून ठेवतायत. आपण काय म्हणतो, 'लक्षच नाही त्याचं', 'मोबाईल कमी कर', 'रोज एक पान वाच'. आता ज्याला पान वाचताच येत नाही त्याला रोज एक पान वाच म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, मला ते फार आवडतं. वाचून समजणं म्हणजे डिकोडिंग गुणिले भाषेची समज. डिकोडिंग म्हणजे लिहिलेल्या खुणांचा आवाज करून शब्दापर्यंत पोचणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणजे दोन्हीतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून आधी बघायचं की शून्य कुठे आहे. घरी करता येईल असं आहे हे. धडा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. धडाधड उत्तरं आली तर भाषा ठीक आहे, गाडी डिकोडिंगवर अडलीये. (चष्मा आणि कान त्याआधी तपासून घ्या, हे राहूनच जातं.) मग 'गिसळू', 'ठुरेक', 'मोपटी' असले अर्थ नसलेले शब्द वाचायला द्या, कारण ते पाठ नसतात आणि त्यात अंदाज चालत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची अशी सरकारी चाचणीच होते, ४० शब्द, त्यातले २० बनावट. आमच्या पठ्ठ्याने 'ठुरेक'ला 'ठरले' म्हणलं. सापडलं.

यावर उपाय फोनिक्स, म्हणजे आवाज आणि खूण यांची जोडी क्रमाने, पद्धतशीर शिकवणं. आता फोनिक्स म्हणलं की लोकांना नर्सरीतली इंग्रजी गाणी आठवतात आणि मराठीला त्याची गरज काय, आपण तर बोलतो तसंच लिहितो, असं उत्तर येतं. अर्धंच खरं आहे ते. 'कमळ' बघा. मूल क, म, ळ असं प्रत्येकात पूर्ण 'अ' घालून वाचतं, पण आपण बोलताना शेवटचा 'अ' गिळतो, त्यामुळे सगळी अक्षरं बरोबर वाचूनही शब्द काही लागत नाही. 'चाक' आणि 'चार' मधला च वेगळा, तो लिहून दाखवायची सोयच नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि आवाज मात्र नंतर, आणि हिंदी वाचकांवरच्या २००२ मधल्या एका अभ्यासात अशा शब्दांना जास्त वेळ लागतो असं दिसलंय. र तर बहुरूपी आहे, प्रकाश, ट्रक, सूर्य, सुऱ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, फरक एवढ्याशा रेघेचा! कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास (२००७) सांगतो की अशा लिपीतली सगळी अक्षरं हाताखाली यायला चौथीपर्यंतही वेळ लागतो. आणि आपण दुसरीतच 'झाली बाराखडी' म्हणून मोकळे होतो.

पण मोठ्या मुलांना फोनिक्सचा उपयोग होतो का? इथे जरा खरं बोलायला हवं. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, तर बालवाडी-पहिलीत परिणामाचा आकडा (फोनिक्स न शिकलेल्या मुलांपेक्षा किती फरक पडला याचं माप) ०.५५ आला आणि दुसरी ते सहावीत ०.२७, म्हणजे निम्म्यावर. त्यातही एकूणच अभ्यासात मागे असलेल्या मुलांना फारसा फरक पडला नाही, कदाचित शिकवणं पुरेसं कसून नव्हतं, कदाचित अडचण डिकोडिंगची नव्हतीच. म्हणून ती गुणाकाराची तपासणी आधी.

कसून म्हणजे किती, त्याचा अंदाज टॉर्गेसन यांच्या २००१ च्या अभ्यासावरून येतो. वाचनाची गंभीर अडचण असलेली आठ ते दहा वर्षांची ६० मुलं, एकेकट्याला शिकवणी, दिवसातून दोनदा ५० मिनिटं, आठ आठवडे, एकूण साडेसदुसष्ट तास. मुलं बरोबर वाचायला लागली आणि वर्षभरात सुमारे ४० टक्के मुलांना स्पेशल क्लासची गरज उरली नाही. वेग मात्र मागेच राहिला. याचं कारण मला वाचनाचे संशोधक डेव्हिड शेअर यांच्या कल्पनेत सापडतं, ते म्हणतात मूल शब्द स्वतः फोडून वाचतं तेव्हा दरवेळी तो शब्द डोक्यात थोडा पक्का होतो, आणि काही वेळानंतर बघताक्षणी ओळखू येतो. पाचवीतल्या मुलाचं असं हजारो वेळा शब्द फोडणं राहून गेलेलं असतं, ते आठ आठवड्यांत कसं भरून निघणार.

आम्ही रोज २० मिनिटं बसतो. बाराखडी आहे पण उलटसुलट, कार्डं पिसून, मो, ती, कु, गाणं म्हणायला वेळच द्यायचा नाही. मग काठीतला क काढ, ग लाव, गाठी. ल लाव, लाठी. मात्रा बदल, काठीची कोठी. यात त्याला चक्क मजा येते. लांब शब्द तुकड्यांनी, 'शेतकऱ्यांसाठीसुद्धा' एकदम बघून कोणीही घाबरेल, शेत, कऱ्यां, साठी, सुद्धा असं बोटाने झाकत झाकत गेलं की चार छोटे तुकडे. एक पथ्य मात्र पाळतो, पहिलीचं पुस्तक त्याच्या हातात देत नाही, लाज वाटते हो त्या वयात. त्याऐवजी वडापावच्या गाडीवरचे दर, किराण्याची यादी, टीममधल्या प्लेअरांची नावं.

तीन महिने झाले. 'ऱ्य' अजून डळमळीत आहे, पण ठोकून देणं बरंच कमी झालंय. मागच्या रविवारी स्टँडवर एसटीची पाटी वाचत उभा होता, स्वा... र... गे... ट, मग कोल्हापूर. पूर्ण होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती, आम्हाला ती पकडायची नव्हती म्हणून बरं.