हिवाळ्यातले थंड शुक्रवार

नाताळचा मोठा हिंदी सिनेमा उतरला की कोल्हापुरातल्या चित्रपटगृहांवर दरवर्षी मरगळ येते. जानेवारीचे पहिले शुक्रवार सुने जातात, प्रजासत्ताक दिनाला थोडी गर्दी होते आणि फेब्रुवारी लागला की घराघरांत दहावी-बारावीच्या परीक्षांचं वातावरण. या दिवसांत सिनेमावर लिहिणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, की लिहावं असं काही लागलेलंच नाही. तक्रार खरी आहे. पण ही मंदी आली कुठून, याचा माग काढला तर थंडीशी किंवा प्रेक्षकांच्या आवडीशी तिचा संबंध फार थोडा निघतो. ती वेळापत्रकातून आलेली आहे, आणि ते वेळापत्रक कोल्हापूरच्या इतिहासाशी जराही जुळत नाही.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते, कारण जानेवारी-फेब्रुवारीला सिनेमाचे पडीक महिने मानण्याची रीत तिथली. गंमत अशी की तिथे एके काळी मंदीचा मोसम उन्हाळा होता. बंद, कोंदट सभागृहात भर उन्हाळ्यात कोण बसणार? कित्येक थिएटरं त्या दिवसांत सरळ कुलूप लावत. १९२५ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरियर यांनी हवा थंड करणारी यंत्रणा बसवली आणि लोक गारव्यासाठीसुद्धा सिनेमाला येऊ लागले. पुढे २० जून १९७५ला ‘जॉज’ टीव्हीवरच्या जाहिरातींच्या जोरावर चारशेहून अधिक पडद्यांवर एकाच वेळी लागला, आणि उन्हाळा हा कमाईचा मोसम ठरून गेला.

हिवाळ्याचं गणित बदललं ते ऑस्करमुळे. १९३४च्या चित्रपटांपासून या पुरस्कारासाठी जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरलं जाऊ लागलं. ३१ डिसेंबरच्या आत लॉस एंजेलिसमध्ये सिनेमा लागलेला हवा, या तेव्हाच्या अटीमुळे स्टुडिओ आपले मानाचे चित्रपट वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत आणू लागले, म्हणजे मतदारांच्या आठवणीत ते ताजे राहतात. मग जानेवारीत उरतं काय? ज्यांच्यावर स्टुडिओचाच भरवसा नाही असे सिनेमे. तरीही १९९१च्या फेब्रुवारीत लागलेल्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ने पुढच्या वर्षी ऑस्करचे पाच प्रमुख पुरस्कार नेले. चांगला सिनेमा महिना विचारत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली तेव्हा चित्रीकरणाचा मुख्य आधार होता सूर्यप्रकाश. कोल्हापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की जून ते सप्टेंबर या काळात त्या उन्हाची शाश्वती काय असायची. दिवाळीनंतरचं स्वच्छ आकाश आणि कोरडी हवा हा त्या लोकांच्या कामाचा हंगाम. आणि कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला तो फेब्रुवारी १९२०मध्ये, पुण्याच्या आर्यन थिएटरात! लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला, की प्रेक्षक हादरले. पडद्यावर प्रत्यक्ष स्त्रियांनी काम केलं होतं, हेही त्या काळात साधं नव्हतं.

बाबूरावांकडे घडलेल्या माणसांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १ जून १९२९ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला आणि १९३२च्या सुरुवातीला लोकांसमोर आला. म्हणजे या गावाने मराठी पडद्याला दिलेले दोन मोठे आरंभ वर्षाच्या पहिल्या महिन्यांतले आहेत. पुढे १९३३मध्ये प्रभात पुण्याला गेली. दिग्दर्शक भालजी पेंढारकर मात्र कोल्हापुरात राहिले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, तोही हिवाळ्यातच. तयार झालेलं काम राख झाल्यावर त्यांनी पुन्हा उभं राहून सिनेमे काढले, ही गोष्ट या गावात अजून आदराने सांगतात.

शहराबाहेरचं चित्र तर याहून वेगळं. जिल्ह्यातल्या गावांत सिनेमा पोचवला फिरत्या सिनेमाच्या तंबूंनी. पावसात तंबू टिकत नाही, म्हणून त्यांचा धंदा दिवाळी ते वैशाख. गळीत हंगाम सुरू झालेला, गुऱ्हाळं पेटलेली, आणि माघ लागला की गावोगावच्या जत्रा एकामागून एक. तंबू या जत्रांच्या मागे फिरत. खेड्यातल्या प्रेक्षकाला जानेवारी हा सिनेमाचा मंदीचा महिना आहे असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला ते पटलंच नसतं. त्याच्यासाठी सिनेमाचं वर्ष तेव्हा तर ऐन भरात असायचं.

शहरातल्या थिएटरांनाही मंदी फारशी जाणवत नसे, कारण नवा सिनेमा मुंबईबरोबर इथे लागेलच असं नव्हतं. प्रिंट मोजक्या असत. मोठ्या शहरांतून सुटल्या की त्या पुढे सरकत, आणि रिळांची पेटी आली की पोस्टर लागे. मुंबईत एखादा आठवडा कोरडा गेला तरी इथे मागचं काहीतरी येत असायचंच. नाहीच आलं, तर वितरकाकडून जुना सिनेमा रिपीट रनला आणायचा, मॅटिनीला तो हमखास चालायचा. आजच्या कित्येक जाणत्या प्रेक्षकांनी जुना हिंदी-मराठी सिनेमा असाच, थिएटरच्या अंधारात पाहिला. माझ्या मते कोल्हापूरच्या रसिकतेचा खरा पाया ही मॅटिनी आहे, आणि तिच्यावर लिहिलं मात्र फार कमी गेलं.

हे सगळं २००५च्या आसपास बदलायला लागलं. उपग्रहावरून डिजिटल सिनेमा थेट थिएटरात येऊ लागला आणि पेटीची वाट पाहणं संपलं. मुंबईचा शुक्रवार तोच कोल्हापूरचा शुक्रवार झाला. चांगलंच झालं, पण मुंबईची मंदीही त्याच वाटेने इथे आली. हिंदीवाल्यांत जानेवारीचा पहिला शुक्रवार अशुभ मानण्याची समजूत होती, मोठे निर्माते तो टाळत. कुणीच मोठं काही आणायचं नाही, म्हणून कुणी पाहायला जायचं नाही, आणि कुणी गेलं नाही म्हणून तो आठवडा पुन्हा अशुभ!

ही फट मराठी निर्मात्यांनी बरोबर हेरली. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१०ला लागला. त्याचं मूळ आनंद यादवांच्या कादंबरीत, आणि ते स्वतः कोल्हापूरजवळच्या कागलचे, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला तो आपल्या मातीतला वाटला यात नवल नाही. ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ला आला, ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ला, आणि ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ला. चारही चित्रपटांना लोकांनी उचलून धरलं. हिंदीने सोडलेल्या आठवड्यात मराठीला पडदे आणि सोयीच्या वेळा मिळतात, एरवी त्यासाठी भांडावं लागतं. म्हणून मराठी सिनेमावर लिहिणाऱ्याने हिवाळ्याला थंड म्हणताना जरा थांबावं, असं मला कळकळीने वाटतं.

लिहिणाऱ्यांसाठी या दिवसांत आणखी एक मोठी गोष्ट घडत असते, ती म्हणजे महोत्सव. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ला मुंबईत सुरू झाला, आणि तिथे ‘बायसिकल थीव्ज’ हा इटालियन चित्रपट पाहून इथल्या दिग्दर्शकांची नजर बदलली. हाच महोत्सव २००४पासून साधारण नोव्हेंबरात गोव्याला भरतो. पुण्याचा महोत्सव २००२मध्ये सुरू झाला, तो साधारण जानेवारीत असतो. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी महोत्सव भरवते आणि त्याच्याही अनेक आवृत्त्या हिवाळ्यातच झाल्या आहेत. गोवा आणि पुणे या दोन्हींच्या मध्ये असलेल्या या गावातून घाट उतरून किंवा रात्रीची गाडी धरून महोत्सव गाठता येतो. वर्षभर पुरेल एवढं पाहणं या तीन महिन्यांत होतं.

अलीकडे रिपीट रनही नव्या रूपात परत आला आहे. ३ जानेवारी २०२५ला ‘ये जवानी है दीवानी’ पुन्हा लागला. ७ फेब्रुवारीला आलेल्या ‘सनम तेरी कसम’ने तर मूळ वेळेपेक्षा जास्त कमाई केली. मग कोल्हापूरच्या एखाद्या थिएटरने जानेवारीतला एक सकाळचा खेळ ‘अयोध्येचा राजा’ला द्यायला काय हरकत आहे? बाबूरावांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. हा बोलपट मात्र टिकला आहे. तो मोठ्या पडद्यावर आपल्याच गावात पाहायला मिळावा, त्याच्या ध्वनीवर, त्यातल्या दुर्गा खोट्यांच्या तारामतीवर आजच्या लिहिणाऱ्यांनी नव्याने लिहावं. थिएटरवाल्यांकडे ही मागणी आपण डिसेंबरातच नेली पाहिजे, कारण जानेवारीचे खेळ तेव्हाच ठरतात.