शेवटचा नल कोणी टाकायचा?

सॉकेटवरून (म्हणजे नेटवर्क कनेक्शनवरून) आलेला डेटा लॉगमध्ये छापला आणि नावाच्या पुढे भलताच कचरा दिसला, हा बग सी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो. फिक्स एका ओळीचा, शेवटी नल टाका म्हणजे शून्य बाइट, की वाचणाऱ्याला मजकूर तिथे संपला हे कळतं, झालं. पण ती ओळ आपल्याच गळ्यात का पडली हे बघायचं तर सी जिथे जन्मली त्या बेल लॅब्जपर्यंत थेट मागे जावं लागतं.

सीच्या आधी बी ही भाषा, आणि बीच्या आधी बीसीपीएल. बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, पहिल्याच खणात लांबी लिहिलेली असायची, बीमध्ये ती काढून टाकली आणि शेवटी एक खुणेचं कॅरेक्टर ठेवलं. सी बनवणाऱ्या डेनिस रिचीने नंतर कारण सांगितलंय, 8-9 बिटांच्या खणात लांबी ठेवली की स्ट्रिंग किती मोठी होणार यावर मर्यादा येते, आणि लांबी सांभाळत बसण्यापेक्षा खूण सोयीची वाटली. सीमध्ये ती खूण म्हणजे नल. एकाच प्रोग्राममध्ये हे चालून जातं कारण लिहिणारे आपण नि वाचणारेही आपणच, पण नेटवर्कवर समोरचा कोण ते माहीत नसतं आणि टीसीपी (डेटा पोचवणारा नेटवर्क प्रोटोकॉल) नुसते बाइट्स आणून टाकतो, नल वगैरे लावून देत नाही.

2 नोव्हेंबर 1988 ला मॉरिस वर्म या नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने समोरच्यावरच्या याच भोळ्या विश्वासाचा फायदा घेतला. फिंगर सर्व्हर (मशीनवरच्या युजरची माहिती देणारा) गेट्स फंक्शनने ओळ वाचायचा, ते जागा किती आहे हे बघतच नाही, बफर म्हणजे डेटा ठेवायची जागा 512 बाइट्सची, वर्मने 536 पाठवले आणि व्हॅक्स मशीनवर स्टॅकमधला परतीचा पत्ताच, म्हणजे फंक्शन संपल्यावर प्रोग्रामने कुठे जायचं तेच, बदललं. (गेट्स सीच्या स्टँडर्डमधून जायला 2011 उजाडलं, बोला आता.)

मग लोक स्ट्रएनकॉपी या स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या फंक्शनकडे वळले, त्यात साइझ देता येते ना. गंमत अशी की ते फंक्शन सेफ्टीसाठी आलंच नव्हतं, ते होतं डिरेक्टरी एन्ट्रीसारख्या ठरावीक मापाच्या खणांसाठी. जुन्या युनिक्समध्ये फाइलचं नाव 14 कॅरेक्टर, खण पूर्ण भरला तर नल नाहीच, आणि तिथे ते बरोबरच होतं. पण लिनक्समध्ये नेटवर्क इंटरफेसच्या नावाला 16 बाइट्स असतात, त्यात 16 अक्षरी नाव स्ट्रएनकॉपीने भरलं की नल गायब, आणि वाचणारा पुढच्या मेमरीत फिरायला मोकळा. ओपनबीएसडीवाल्यांनी 1998 मध्ये यावर शेवटी नल टाकणारं स्ट्रएलकॉपी काढलं, ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरच्या सीच्या लायब्ररीत) ते यायला 2023 उजाडलं, मधे नुसती भांडणं.

2009 मध्ये उलटाच प्रकार झाला. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटमध्ये नावाबरोबर लांबी असते, त्यामुळे नावाच्या मधोमध नल बसू शकतो. मॉक्सी मार्लिनस्पाइक या सिक्युरिटी संशोधकाने ब्लॅक हॅट या सिक्युरिटी परिषदेत दाखवलं की आधी बँकेचं डोमेन, मग नल, मग स्वतःचं डोमेन असं नाव दिलं तर सर्टिफिकेट देणारा शेपटीकडचं डोमेन कोणाचं ते बघतो आणि ब्राउझर नलपाशी थांबून बँक समजतो. फायरफॉक्सलासुद्धा पॅच काढावा लागला.

माझंच सांगतो, मी एकदा 1024 च्या बफरमध्ये पूर्ण 1024 वाचून मग जितके बाइट्स आले त्यांच्या लगेच पुढे नल टाकला होता. छोट्या मेसेजला सगळं मस्त, महिनाभर कुणाला कळलं नाही, आणि ज्या दिवशी बफर पूर्ण भरला त्या दिवशी नल बफरच्या बाहेर एक घर पुढे जाऊन बसला आणि शेजारचा काउंटर बिघडला. सॉकेटवरून वाचणाऱ्या रिसीव्ह फंक्शनला 1023 च द्यायचे होते.