आणीबाणी आणि दहशतवादविरोधी कायदा: फरक तारखेचा

सांगलीत विश्रामबागला माझ्या मामांच्या कपाटात एक जुनी फाईल आहे. तिच्यात कारागृहाचा पिवळा पडलेला दाखला. घडीवर फाटायला आलाय म्हणून मागून चिकटपट्टी लावलीय. त्यावर मिसाखाली, म्हणजे विनाखटला आत ठेवण्याच्या तेव्हाच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केल्याची तारीख आहे आणि खाली सुटकेची, फेब्रुवारी १९७७ मधली. माझी मुलगी एमपीएससीचा अभ्यास करते. तो कागद हातात घेऊन तिनं विचारलं, "आजोबा, म्हणजे मिसा हा तेव्हाचा यूएपीएच ना?"

यूएपीए म्हणजे आजचा दहशतवादविरोधी कायदा. ही गल्लत बरेच जण करतात. दोन्हींत माणूस गुन्हा शाबित न होता वर्षानुवर्षं आत राहू शकतो, त्यामुळे ती होणं साहजिक आहे. पण दोन्हींची जात वेगळी आहे.

आणीबाणी ही देशाची एक अवस्था. ती घटनेच्या ३५२व्या कलमाखाली जाहीर करावी लागते आणि जाहीर केली म्हणजे कधीतरी उठवावीही लागते. २५ जून १९७५ ला लागली, २१ मार्च १९७७ ला उठली. मिसा कायदा १९७१ चा. आणीबाणीत कोर्टाचा दरवाजाही बंद झाला, म्हणून तो इतका जाचक ठरला. ना आरोपपत्र, ना खटला. आणीबाणीची झळ गावोगाव बसली. नसबंदीची धास्ती होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, नेते तुरुंगात होते. लोकांनी १९७७ च्या निवडणुकीत हिशेब चुकता केला. पुढच्या सरकारनं मिसा रद्द केला. ४४व्या घटनादुरुस्तीनं 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं आणि दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी सक्तीची केली.

दहशतवादविरोधी कायदा ही अवस्था नव्हे. तो नेहमीच्या कायद्यांच्या रांगेत बसतो, निवडणुका चालू, वर्तमानपत्रं चालू. इथं आरोपपत्र असतं, खटलाही असतो. फक्त आरोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर न्यायाधीशाला जामीन देताच येत नाही. ज्याच्यावर वेळ येते त्यालाच ते कळतं; बाकीच्या गावाचं रोजचं चाललेलं असतं.

या कायद्याची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. १९६२ मध्ये चीननं हल्ला केला, आणीबाणी लागली आणि देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. युद्ध महिन्याभरात थांबलं, आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ मध्ये उठली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९६७ मध्ये, यूएपीए आला. गृहमंत्री यशवंतरावच होते. तो तेव्हा फुटीरतावादी संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता, दहशतवादाच्या तरतुदी त्यात नव्हत्या.

त्या आल्या २००४ मध्ये, आणि माझ्या मते खरं राजकारण इथंच आहे. आधी १९८५ चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा होता. त्याला मुदत होती. ती वाढवत वाढवत नेली आणि १९९५ मध्ये तो संपला. तोवर ७६ हजारांहून जास्त लोकांना अटक झाली होती, शिक्षा अगदी थोड्यांना. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ मध्ये पोटा हा तसाच कायदा आला, तोही मुदतीचा. २००४ मध्ये नव्या सरकारनं पोटा रद्द केला, पण त्यातला बराच भाग उचलून यूएपीएत घातला. यूएपीएला मुदत नाही. दर काही वर्षांनी मंजुरीसाठी संसदेपुढे यायचं कारणच उरलं नाही.

मग २६/११. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलल्या म्हणून कसाब जिवंत सापडला आणि त्याच्यावर रीतसर खटला चालला. धोका खरा आहे, हे सातारा जिल्ह्याला कुणी सांगायला नको. पण त्यानंतर तीन-चार आठवड्यांत जामिनाची आणि १८० दिवसांची कलमं संसदेनं मंजूर केली, विरोधी पक्षानंही पाठिंबा दिला. २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवण्याची दुरुस्ती आली. राज्यसभेत १४७ विरुद्ध ४२, आणि तेव्हा विरोधात असलेल्या काँग्रेसनंही बाजूनं मत दिलं. लांबलेली लढाई राजकारणाला बदलते ती अशी. नाही म्हणणारा देशाच्या सुरक्षेबाबत ढिला ठरतो, म्हणून कुणी नाही म्हणत नाही. सरकारं बदलतात, कायद्याचे थर चढतच जातात.

हे फक्त इथलं नाही. ब्रिटननं १९७४ मध्ये तात्पुरता म्हणून केलेला कायदा वर्षानुवर्षं वाढवत २००० मध्ये कायमचा केला. श्रीलंकेत १९७९ चा तात्पुरता कायदा १९८२ मध्ये कायम झाला. तिथलं यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं, तरी तो उरला. फ्रान्सनं २०१७ मध्ये आणीबाणी उठवली, पण तिच्यातले बरेच अधिकार त्याआधीच साध्या कायद्यात घेतले होते. तिथं तर एका गोष्टीचं दुसरीत रूपांतर डोळ्यांसमोर झालं.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. मामांनी दाखल्यावरच्या दोन तारखांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आणि यूएपीएत आत असलेल्यांच्या कागदावर?" तिनं २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा नजीब खटल्याचा निकाल वाचून दाखवला: खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर, यूएपीएचं कलम असलं तरी, जामीन देता येतो. तो आरोपी तोवर पाच वर्षांहून जास्त काळ आत काढून बसला होता. मामांनी चष्मा काढला, दाखल्याची घडी जपून घातली आणि फाईल कपाटात ठेवली.