सिक्युअर

इंग्रजी विशेषण. मराठीत त्याला सर्रास 'सुरक्षित' म्हणतात. व्यवहारापुरते ते चालते, पण शब्दाच्या मुळाशी जुळत नाही.

मूळ लॅटिन 'सेक्युरुस'. त्यातील 'से' म्हणजे वाचून, विरहित आणि 'कुरा' म्हणजे काळजी. 'कुरा'च्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. रोमन पंडित वॅरो (इ. स. पू. ११६–२७) याने 'काळीज जाळते ती' अशी तिची फोड केली. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचाच फरक, हे सुभाषित लहानपणी ऐकलेल्या मराठी वाचकाला ती चटकन पटेल. मात्र जुन्या लॅटिन कोरीव लेखांत या शब्दाची रूपे 'कोइरा–' अशी सापडतात, त्यामुळे हृदयवाचक 'कोर'शी त्याचे नाते लावणे अवघड होते. वॅरोची फोड लोकव्युत्पत्ती समजणेच अधिक सयुक्तिक दिसते.

तेव्हा 'सिक्युअर'चा पहिला अर्थ निर्धास्त. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजीत तो 'गाफील' या अर्थानेही येई. 'शुअर' हा जुन्या फ्रेंचमधून आलेला त्याचाच भाऊबंद. 'सेफ' मात्र वेगळ्या कुळातला: लॅटिन 'साल्वुस', म्हणजे अखंड, धडधाकट. संस्कृत 'सर्व' त्याचा सगोत्र मानतात.

रूढ वापर परिचित आहे. 'सिक्युअर्ड' कर्ज म्हणजे तारणी कर्ज. संगणकावर 'सिक्युअर' जोडणी म्हणजे मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही एवढेच. पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याची ती ग्वाही नव्हे. हा फरक घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे.

बडोद्याच्या मराठी दप्तरातील 'बहांदरी' (हमी) हा शब्द या संकल्पनेच्या फार जवळ जातो. गुजरातीत तो 'बांयधरी', 'बांहेधरी' असा आहे. बांह धरणे, म्हणजे दंड धरून पाठीशी उभे राहणे, ही त्याची फोड सरळ वाटते. इथे काळजी मिटते ती कोणीतरी हात धरला म्हणून. गायकवाडांच्या दरबारात अरब जमादार, म्हणजे पदरच्या अरब शिबंदीचे नायक, सावकारांना अशी हमी देत. १८०२ नंतर अरबांचे वर्चस्व मोडले आणि ईस्ट इंडिया कंपनी बहांदर झाली. कंपनीच्याच बहांदरीवर गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांचे वकील म्हणून पुण्यास गेले. पेशव्यांशी हिशेबाची बाकी आणि अहमदाबादचा इजारा (महसूलवसुलीचा मक्ता) हे वादाचे विषय होते. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, देवदर्शन करून परतताना, शास्त्र्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. दिलेल्या हमीचा भंग झाला म्हणून कंपनीने त्यांना पेशव्यांकडून मागून घेतले व ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले.

मराठीत 'बहांदरी' पुढे मागे पडली. बडोद्यातील मराठी माणूस मात्र गुजराती अर्जाला जोडलेल्या 'बांहेधरी पत्रका'वर आजही सही करतो.