बाग ताणावर सोडली आहे

दिवे घाट चढून सासवडकडे निघालं की डिसेंबरात मधेच एखादी डाळिंबाची बाग पार निष्पर्ण दिसते. आजूबाजूला ज्वारी हिरवीगार, आणि इथे नुसत्या काटक्या उभ्या. मामांची बाग पहिल्यांदा तशी पाहिली तेव्हा मी हळहळून म्हणाले, "मामा, बाग वाळली की हो!" मामा हसले. "वाळली न्हाई गं. ताणावर सोडलीय."

पुण्यात 'ताण' हा शब्द मी दिवसातून दहादा वापरते. ट्रॅफिकचा ताण, ऑफिसचा ताण, मुलांच्या परीक्षेचा ताण. तो बागायतदाराच्या बोलण्यात आधीपासून आहे, हे तेव्हा कळलं. फरक एवढाच की आपल्याला ताण येतो, आणि ते तो देतात.

डाळिंब आपल्या हवेत वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं. तसंच फुलू दिलं तर धड एकही तोडा हाताला लागत नाही. म्हणून बहार धरायचा, म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि सगळा फुलोरा एकदम आणायचा. आंबे बहारासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतात, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये, हस्त बहारासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात. पाणी तुटलं की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. पानांवरची रंध्रं मिटतात, नवी पालवी थांबते, पुढे पानं गळतात. शेंडे वाढवण्यात खर्च होणारं अन्न मग फांद्यांत साठू लागतं. नत्राच्या मानाने कर्बाचं प्रमाण वाढतं, आणि हा साठा फुलकळीच्या कामी येतो.

पण नुसत्या ताणाने फूल येत नाही. ताण संपल्यावर छाटणी करायची, शेणखत घालायचं आणि बेताने पाणी सोडायचं, तेव्हा कळी फुटते. ताण तसाच लांबवत नेला तर सरपण मिळतं. शिवाय किती दिवस ताण द्यायचा ते जमिनीवर ठरतं. भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत नेहमी ऐकू येणारा एक शब्द: कोरडा काळ. प्रार्थनेला बसावं तर शब्द फुटत नाहीत, पवित्र शास्त्र वाचावं तर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात, गीतं ओठांवर असतात आणि मन दुसरीकडेच. त्यात आजारपण किंवा घरातला मृत्यू आला की कुणीतरी समजूत घालतं, "देव तुला घडवतोय." बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल संकटापासून धीरापर्यंत, धीरापासून शीलापर्यंत आणि शीलापासून आशेपर्यंत पायऱ्या मांडतो, त्याचा आधारही दिला जातो. देव घडवतो की नाही, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. पण संकटातून गेलेला माणूस बदलतो का, कसा बदलतो आणि कधी मोडतो, हे तपासता येतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून यांनी १९९६ साली २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आघातानंतर माणसं कोणते चांगले बदल सांगतात, ते तिच्यातून मोजायचं होतं. उत्तरं पाच गटांत पडली. नात्यांतली जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आयुष्याची किंमत कळणं, आणि पाचवा आध्यात्मिक बदल. या सगळ्याला त्यांनी आघातोत्तर वाढ म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की वाढ आघाताने होत नाही. आघाताने हादरलेल्या समजुती माणूस पुन्हा उभ्या करायला झगडतो, त्या झगड्यातून ती होते.

त्या झगड्याचं एक अंग विचारांच्या रवंथाचं आहे. मानसशास्त्रज्ञांनीही गायी-म्हशींचाच शब्द उचलला, याची मला गंमत वाटते. एक रवंथ नको असताना चालू होते: रात्री दोनला जाग येते आणि दवाखान्यातलं तेच दृश्य डोळ्यांपुढे फिरत राहतं. दुसरी माणूस ठरवून करतो, 'याचा अर्थ मी कसा लावू?' असं विचारत. वाढीशी जास्त संबंध या दुसरीचा दिसतो.

आता आमच्या प्रार्थना सभांना जरा टोचेल असं. सभेत लोक उठून साक्ष देतात, "त्या आजाराने मला प्रभूच्या जवळ आणलं." ही साक्ष मागे वळून दिलेली असते. पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली विद्यार्थ्यांचं मोजमाप दोनदा केलं. मधल्या काळात त्यांतल्या १२२ जणांवर मोठा आघात झाला होता. 'माझी वाढ झाली' असं ते म्हणत होते, त्याचा आणि आधी-नंतरच्या मोजमापातल्या खऱ्या बदलाचा फारसा मेळ बसला नाही. साक्ष खोटी असते असं मी म्हणणार नाही. स्वतःला सावरायला माणूस आपली गोष्ट नीट रचून सांगतो. पण सगळ्यांनी आठवड्याभरात अशी गोष्ट रचून आणावी, असा आग्रह धरणं क्रूर आहे.

श्रद्धा स्वतःच दुखरी झाली तर काय होतं, हे केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी पाहिलं. रुग्णालयात दाखल झालेले ५५ वर्षांवरचे ५९६ रुग्ण त्यांनी दोन वर्षं अभ्यासले. निष्कर्ष २००१ साली आले. देवाने आपल्याला टाकलं का, असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी जास्त होता, देवाच्या प्रेमावर शंका घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्क्यांनी. मात्र पुढच्या विश्लेषणात दिसलं की खरी घसरण होते ती देवाशी झगडा सुरुवातीला आणि दोन वर्षांनी, दोन्ही वेळी चालूच राहिलेल्यांची. ज्यांचा झगडा मधे निवळला, त्यांचं तसं झालं नाही. ताण किती दिवस राहिला, हा मामांचाच प्रश्न इथेही आला.

मग शंका दाबून टाकावी का? बायबलमधली स्तोत्रसंहिता तरी तसं सांगत नाही. १५० स्तोत्रांतली सुमारे तिसरा हिस्सा विलापाची आहेत. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळही नाही. आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२व्या स्तोत्राची सुरुवात येशू वधस्तंभावर उच्चारतो. ही तक्रार देवाकडे तोंड करून, मंडळीत बसून, मोठ्याने केलेली आहे. एकट्याने रात्री दोनला केलेल्या रवंथीपेक्षा ती वेगळी पडते.

काही कोरडेपणाला मात्र संकटाचीही गरज लागत नाही. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या. रसाचा थेंब अचानक मिळाला की पेशी उसळत. खूण दिसली की रस येणार, हे माकड शिकलं की प्रत्यक्ष रसाला त्या काही दाद देईनात. माकडावरून भक्ताचं अनुमान काढताना हात आखडता घ्यावा, हे खरं. तरी पहिल्या वर्षीचा उमाळा दहाव्या वर्षी नसतो, यात विश्वास आटल्याचा पुरावा शोधायचं कारण नाही, एवढं म्हणता येतं.

स्पेनचा क्रुसाचा संत योहान १५७७च्या डिसेंबरात स्वतःच्याच संन्यासी संघाच्या कैदेत पडला आणि तोलेदोच्या अंधाऱ्या खोलीत जवळपास नऊ महिने राहिला. कोरडेपणाला त्याने पुढे आत्म्याची अंधारी रात्र म्हटलं. मला त्याचं कौतुक वेगळ्याच कारणाने वाटतं. त्याने लिहून ठेवलं की हा कोरडेपणा देहातल्या विषादामुळेही येऊ शकतो, आणि दोन्ही ओळखायच्या खुणा दिल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या साधूला सुचलेला हा भेद आज पुण्यात काही जण विसरतात. झोप उडाली, भूक गेली, जगण्यातच रस उरला नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर मंडळीच्या पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जायचं. नैराश्याला उपचार आहेत.

पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलं की दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. अवर्षणाचा मुलूख. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावलेल्या, १८८२ साली नवराही गेलेल्या पंडिता रमाबाईंनी इथे निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन वसवलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. एर्विन स्टॉब या मानसशास्त्रज्ञाने अशा वागण्याला दुःखातून जन्मलेला परोपकार म्हटलं आहे. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी सोडलं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा सासवडला गेले तेव्हा बाग लाल कळ्यांनी भरली होती. बांधाकडची चार झाडं मात्र तशीच काटक्यांसारखी उभी होती. मी विचारलं, यांना काय झालं? मामांनी पायाने माती उकरून दाखवली. वीतभर माती, आणि खाली मुरूम.

"ह्यांचं काही चुकलं न्हाई," ते म्हणाले. "ह्यांना आधीच पाणी द्यायला पायजे होतं. माझ्या ध्यानात आलं न्हाई."