पान मिटलं, तरी सूचना थांबत नाहीत

पुरणपोळीची कृती वाचायला एखादं पान उघडावं, तर पहिली ओळ दिसायच्या आत वर चौकट येते: ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू का विचारते आहे. खाली दोन बटणं, ‘अलाऊ’ आणि ‘ब्लॉक’. हाताला पीठ लागलेलं, चौकट वाटेतून जावी एवढीच घाई, म्हणून जे बटण बोटाखाली येईल ते दाबलं जातं. चार दिवसांनी मध्यरात्री फोन वाजतो: ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा.’

मग धावपळ सुरू होते. कुणी हिस्टरी पुसतं, कुणी अँटिव्हायरस टाकतं, कुणी फोन फॉरमॅट करायला दुकानात नेतं. बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस नसतोच. ब्राउझरच्या एका यादीत एका साइटचं नाव ‘परवानगी दिलेली’ म्हणून नोंदलेलं असतं. ते नाव शोधून काढलं की त्रास संपतो. पण ते कुठे शोधायचं हे कळण्यासाठी आधी सूचना येते कशी ते पाहायला हवं.

साधं वेबपान टॅब बंद केल्यावर संपतं. त्याला पुढे काही करता येत नाही. २०१५ साली क्रोमच्या ४२व्या आवृत्तीत आणि २०१६च्या जानेवारीत फायरफॉक्सच्या ४४व्या आवृत्तीत ‘वेब पुश’ आलं आणि हे बदललं. यात साइट आपला एक छोटा प्रोग्राम ब्राउझरकडे नोंदवून ठेवते. त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात. तो पानापासून स्वतंत्र असतो, पान मिटलं तरी राहतो. तुम्ही ‘अलाऊ’ दाबलं की साइटच्या विनंतीवरून ब्राउझर एका पुश सेवेकडून तुमच्यासाठी खास पत्ता मागून घेतो. क्रोमसाठी ही सेवा गूगलची असते, फायरफॉक्ससाठी मोझिलाची. हा पत्ता साइटच्या सर्व्हरवर जातो. पुढे कधीही त्या पत्त्यावर जास्तीत जास्त ४ केबीच्या आसपासचा मजकूर टाकला, की पुश सेवा तो ब्राउझरपर्यंत पोहोचवते, ब्राउझर सर्व्हिस वर्करला जागं करतो आणि पडद्यावर सूचना उमटते.

अँड्रॉइडवर तर त्या वेळी क्रोम उघडलेलंही लागत नाही. गूगलच्या सेवांचं कनेक्शन फोनमध्ये सतत चालू असतं, त्यातूनच निरोप येतो. संगणकावर ब्राउझर निदान पार्श्वभूमीत तरी चालू असावा लागतो. तो बंद असताना आलेले निरोप पुश सेवा साठवून ठेवते. म्हणूनच सोमवारी सकाळी संगणक लावला की उजव्या कोपऱ्यात सूचनांचा ढीग एकदम पडतो.

नेहमीचे उपाय का फसतात तेही यातून कळतं. हिस्टरी पुसल्याने परवानगीला धक्का लागत नाही. कुकीज आणि साइटचा डेटा पुसला तर सर्व्हिस वर्कर जातो, पण परवानगीची नोंद वेगळ्या खात्यात असते आणि ती शिल्लक राहते. त्या साइटवर पुन्हा पाऊल टाकलं की ती काहीही न विचारता नवी नोंदणी करू शकते. अँटिव्हायरसला तर यात पकडण्यासारखं काही दिसतच नाही, कारण ब्राउझर आपलं ठरलेलं कामच करत असतो.

या चौकटीचा खरा दोष ती कोणत्या वेळी येते यात आहे. मोझिलाने २०१८च्या डिसेंबरअखेर ते २०१९च्या जानेवारीअखेर अशा महिनाभरात दाखवल्या गेलेल्या सुमारे १ कोटी ८० लाख चौकटींचा हिशेब मांडला. नोटिफिकेशनला होकार देणारे ३ टक्केही नव्हते. कॅमेरा आणि माइकच्या विनंतीला मात्र सुमारे ८५ टक्के होकार मिळत होता. ब्राउझर तोच, चौकटही तशीच. फरक इतकाच, की कॅमेऱ्याची विनंती आपण ‘व्हिडिओ कॉल’ दाबल्यावर येते. प्रश्न का विचारला जातोय हे तेव्हा आपल्याला माहीत असतं. नोटिफिकेशनचा प्रश्न आपण काहीही केलेलं नसताना पानासोबतच येऊन धडकतो.

त्यावरून ब्राउझरवाल्यांनी एक नियम हळूहळू घट्ट केला: वापरणाऱ्याने आधी काहीतरी दाबावं, मगच साइटने विचारावं. सफारीने २०१९मध्ये आवृत्ती १२.१ पासून हे बंधन घातलं. फायरफॉक्सने जानेवारी २०२०च्या ७२व्या आवृत्तीत चौकट दडवली आणि तिच्या जागी पत्त्याच्या पट्टीत एक लहानसं चिन्ह ठेवलं. क्रोमने त्याच फेब्रुवारीत, ८०व्या आवृत्तीत, ‘शांत’ विनंतीचा, म्हणजे मोठ्या चौकटीऐवजी लहान चिन्ह दाखवण्याचा, पर्याय आणला आणि त्याच वर्षी जुलैत, ८४व्या आवृत्तीपासून, फसवणूक करणाऱ्या साइटच्या विनंत्या आपोआप दडपायला सुरुवात केली. माझ्या मते यातली फायरफॉक्स आणि सफारीची वाट जास्त सरळ आहे. कोण चांगला, कोण वाईट हे ठरवत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच आधी वापरणाऱ्याच्या कृतीची वाट पाहायला लावणं बरं.

पण ‘आधी काहीतरी दाबा’ या नियमालाही पळवाट काढली गेली. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’, ‘व्हिडिओ सुरू होत नसेल तर अलाऊ दाबा’, शेजारी खऱ्या बटणाकडे बोट दाखवणारा मोठा बाण. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: रोबो ओळखणं, व्हिडिओ चालवणं, फाइल उतरवणं यांतल्या कशालाही नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही. जी साइट तसं म्हणते ती खोटं बोलते, त्या क्षणी टॅब बंद करावा.

खरी चौकट ब्राउझर स्वतः काढतो. ती पत्त्याच्या पट्टीला लागून किंवा फोनवर सगळ्या पानाच्या वर येते आणि तिच्यात साइटचा पत्ता लिहिलेला असतो. पानाच्या आत काढलेली, ‘ताज्या बातम्या हव्यात का? होय / नंतर’ अशी चौकट साइटची स्वतःची असते. ती दाखवण्यामागे हिशेब असतो. खऱ्या चौकटीत तुम्ही एकदा ‘ब्लॉक’ दाबलंत, तर साइटला पुन्हा विचारता येत नाही. म्हणून आधी लुटुपुटीची चौकट दाखवून कल पाहायचा, ‘नंतर’ म्हटलं तर पुढच्या भेटीत परत विचारायचं. खरी चौकट नुसती फुलीने बंद करणं हाही पुरता नकार नव्हे. क्रोममध्ये ३ वेळा फुली मारली तर त्या साइटचं विचारणं आठवडाभर थांबतं, मग ती पुन्हा विचारू शकते. नको असेल तर स्पष्ट ‘ब्लॉक’च दाबावं.

आता सूचना येतच असतील तर काय करायचं? पहिलं म्हणजे, सूचनेवर टिचकी मारायची नाही. परवानगीमुळे साइटला फक्त सूचना दाखवता येते. तुमचे फोटो, संपर्क, बँकेचं ॲप यांतलं काहीही तिच्या हाती लागत नाही. धोका सुरू होतो तो सूचनेवर टिचकी मारून पुढच्या पानावर काही भरल्यावर किंवा उतरवून घेतल्यावर.

अँड्रॉइडवर सूचना दाबून धरावी. अँड्रॉइड ८ पासून क्रोममध्ये प्रत्येक साइटला सूचनांचं वेगळं खातं मिळतं, त्यामुळे तिथल्या तिथे त्या एका साइटचा आवाज बंद करता येतो. बऱ्याच फोनवर आता क्रोमच्या अशा सूचनेखालीच ‘अनसबस्क्राइब’ हे बटणही दिसतं. पूर्ण सफाई करायची तर क्रोम उघडून तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स अशा क्रमाने जावं. फोन मराठीत असेल तर शेवटच्या ठिकाणी ‘सूचना’ लिहिलेलं दिसेल. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी असते. ओळखीचं नसलेलं, अक्षरांचा काला वाटणारं प्रत्येक नाव उघडून ब्लॉक करावं. नुसतं यादीतून काढलं तर ती साइट पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केलं तर नाही.

नेहमी होणारी चूक यापुढची. वरचं मुख्य बटण बंद केलं की सगळं थांबलं असं वाटतं. ते बटण नव्या साइटपुरतं असतं. आधी होकार मिळालेल्या साइट यादीत अपवाद म्हणून राहू शकतात आणि त्यांच्या सूचना येतच राहतात. म्हणून आधी यादी साफ करावी, मग मुख्य बटण बंद करावं. फसवणारे लोक एकाच वेळी अनेक पत्ते वापरतात, तेव्हा एक नाव काढून थांबू नये, यादी शेवटपर्यंत वाचावी. आणि क्रोमच्या यादीत काहीच सापडलं नाही तर सूचनेवरचं लहान चिन्ह पाहावं. फोनसोबत आलेला दुसरा ब्राउझर असेल, तर त्याची यादी वेगळी असते.

संगणकावर क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी भागात ‘परमिशन्स’ शोधावं, नोटिफिकेशन्सपुढचं बटण दाबावं. तिथे नव्या विनंत्या सरसकट रोखण्याची चौकोनी खूण आहे. मॅकवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स, नोटिफिकेशन्स, आणि तळाशी साइटना विचारू देण्याची खूण काढून टाकायची. वयस्कर माणसाच्या विंडोज संगणकावर कायमचा बंदोबस्त हवा असेल, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स इथे ब्राउझरचं नावच बंद करता येतं. मात्र मग वेबवरून येणारी मेलची आणि कॅलेंडरची आठवणही बंद होते, हे त्यांना सांगून ठेवावं.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेब पुश २०२३मध्ये आयओएस १६.४ बरोबर आलं, तेही होम स्क्रीनवर मुद्दाम ठेवलेल्या साइटसाठीच. त्यामुळे आयफोनवर ‘व्हायरस सापडला’ असा इशारा वारंवार येत असेल, तर पुष्कळदा तो कॅलेंडरमधून येतो: कुठल्यातरी पानावर चुकून एका परक्या कॅलेंडरची वर्गणी घेतलेली असते. कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ दाबून, अनोळखी नावापुढच्या माहितीच्या चिन्हावर जाऊन ते काढून टाकता येतं.

‘आधी वापरणाऱ्याने दाबावं’ हा नियम आवाजालाही लागू झाला. आपोआप वाजू लागणाऱ्या व्हिडिओंना सफारीने २०१७मध्ये, क्रोमने एप्रिल २०१८मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९मध्ये आळा घातला. आवाजाशिवाय चालणाऱ्या व्हिडिओला क्रोममध्ये मोकळीक राहिली, म्हणून बातम्यांच्या पानावर तो मुक्याने सुरू होतो, आणि मुका असला तरी मोबाइल डेटा खातो. संगणकावरचं क्रोम तुमच्या सवयीही मोजतं: टॅब समोर असताना, आवाज चालू ठेवून, २०० × १४० पिक्सेलपेक्षा मोठा व्हिडिओ ७ सेकंदांहून जास्त पाहिला, तर त्या साइटच्या खात्यावर गुण जमा होतो. पुरेसे गुण झाले की तिला आवाजासकट सुरू करायची मुभा मिळते. एक साइट गप्प आणि दुसरी आपोआप का बोलते, याचं कारण हे. क्रोममध्ये ऑटोप्ले पूर्ण बंद करायचं बटण सेटिंग्जमध्ये नाही, टॅबवर उजवी टिचकी मारून ‘म्यूट साइट’ एवढंच करता येतं. फायरफॉक्समध्ये मात्र त्याच परमिशन्समध्ये ऑटोप्लेसाठी आवाज आणि चित्र दोन्ही रोखण्याचा पर्याय आहे. डेटा जपून वापरणाऱ्यांनी तो जरूर निवडावा.

मागे जायचं बटण दाबूनही त्याच पानावर राहणं, हाही त्याच कुळातला त्रास. पान आपल्या नकळत हिस्टरीत खोट्या नोंदी घालतं. क्रोमने ७५व्या आवृत्तीपासून, वापरणाऱ्याने काही न दाबता घातलेल्या नोंदी ओलांडून जायला सुरुवात केली. तरीही अडकलात तर मागे जायचं बटण दाबून धरा. मागच्या पानांची यादी उघडते, हवं ते थेट निवडता येतं. आणि सगळा पडदा व्यापून ‘या नंबरवर फोन करा’ म्हणणारं पान आलं, तर कीबोर्डवरची एस्केप की दोनेक सेकंद दाबून धरावी. पूर्ण पडद्यातून बाहेर पडायची ही वाट ब्राउझर कोणत्याही साइटला बंद करू देत नाही. त्यानंतर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडताना ‘मागची पानं परत आणू का’ याला नाही म्हणावं.

दिलेली परवानगी कायमची का असावी, या प्रश्नाकडे अलीकडे लक्ष गेलं आहे. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या ‘सेफ्टी चेक’ या सुरक्षा-तपासणीत बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या साइटच्या परवानग्या काढून घेतल्या जातात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने जाहीर केलं की ज्या साइट खूप सूचना पाठवतात पण ज्यांच्याकडे वापरणारा फिरकत नाही, त्यांची नोटिफिकेशनची परवानगी क्रोम आपणहून रद्द करेल, आणि तसं केल्याचं सांगेलही. फोनवर ॲपसारख्या बसवलेल्या साइटना यातून वगळलं आहे. एखाद्या कामाच्या साइटची सूचना अशी थांबली, तर ‘सेफ्टी चेक’मध्ये जाऊन ती पुन्हा देता येते, किंवा त्या साइटवर जाऊन पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबून नोटिफिकेशन्स चालू करता येतात.