मिनिटाला १७५ ठोके: ड्रम अँड बेस आणि हार्डकोरची सामाईक लय

ड्रम अँड बेस आणि हार्डकोर ही इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची दोन वेगळी घराणी मानली जातात. पहिलं लंडनमध्ये वाढलं, दुसरं रॉटरडॅममध्ये. दोघांचे श्रोते वेगळे, नाचायची तऱ्हा वेगळी. तरीही रॉटरडॅमच्याच ‘प्रॉस्पेक्ट’सारख्या आयोजकांच्या पार्ट्यांत ही दोन्ही संगीतं एकाच रात्री वाजतात, आणि ‘क्रॉसब्रीड’ या प्रकारात तर एकाच ट्रॅकमध्ये. ही नुसती हौसेची सरमिसळ असती तर ती चार दिवसांत विरली असती. ती टिकली, कारण दोघांच्या आवाजामागचं भौतिकशास्त्र एकच आहे आणि आपला कान लय ज्या रीतीने मोजतो, तीही या जोडीला मानवते.

आधी वेग पाहू. ड्रम अँड बेस साधारण मिनिटाला १७४ ठोक्यांवर चालतं. हार्डकोरचा पल्ला मोठा, साधारण १६० ते २०० आणि त्याहीपुढे. म्हणजे १७५ च्या आसपास दोघे अगदी एकाच वेगात असतात, पण ऐकताना तसं वाटत नाही. हार्डकोरमध्ये प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका पडतो. १७४ च्या वेगात दर ३४५ मिलिसेकंदांनी एक. ड्रम अँड बेसमध्ये कानाला धरून ठेवणारा स्नेअरचा, म्हणजे खणखणीत लहान ड्रमचा, कडक आघात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, म्हणजे दर ६९० मिलिसेकंदांनी. माणसाला सहज पाय धरता येतो तो वेग मिनिटाला १२० च्या आसपास, म्हणजे ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. आपले दोन्ही आकडे त्याच्या दोन बाजूंना पडतात. त्यामुळे नाचणारा एकच संगीत १७४ ने मोजू शकतो किंवा ८७ ने. तबल्यावर ठाय आणि दुगुण ऐकलेल्या कानाला हे लगेच पटेल: मूळ लय तीच राहते, आपण पाऊल कुठे टाकायचं तेवढं बदलतं.

मुळात ही दोन घराणी एकाच घरातली. १९९०-९१ च्या सुमारास इंग्लंडच्या रेव्ह पार्ट्यांत जे वाजायचं त्यालाच हार्डकोर म्हणत. बेल्जियम-नेदरलँड्सकडचे कर्कश सिंथेसायझर आणि जुन्या फंक रेकॉर्डांतले ड्रमचे तुकडे त्यात एकत्र नांदत होते. लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये ‘रेज’ नावाच्या रात्रीला फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोघे डीजे असे तुकडे अधिकाधिक वेगाने वाजवू लागले. त्यांतला सर्वांत गाजलेला तुकडा १९६९ चा. ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमनने चार आवर्तनं एकट्याने ड्रम वाजवले, जेमतेम सात सेकंद. त्या सात सेकंदांवर पुढे हजारो ट्रॅक उभे राहिले. कोलमनला त्याचं मानधन कधीच मिळालं नाही, आणि २००६ मध्ये तो हलाखीत गेला. या संगीतावर प्रेम करणाऱ्याने हे विसरू नये.

कोलमनचा मूळ वेग १३६ च्या आसपास. तो १७० वर न्यायचा तर ध्वनी सव्वापट वेगाने वाजवावा लागतो. साध्या सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनीचा तुकडा साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, तसं केलं की कंपनसंख्याही सव्वापट होते, म्हणजे स्वर जवळजवळ चार अर्धस्वर वर चढतो. ‘जंगल’ या ड्रम अँड बेसच्या आधीच्या रूपातला तो तीक्ष्ण, पातळ स्नेअर असा जन्मला. अकाई कंपनीच्या सॅम्पलरांत वेग आणि स्वर वेगळे करण्याची सोय होती: यंत्र ध्वनीचे बारीक तुकडे करून काही पुन्हा जोडतं, काही गाळतं. त्या सांध्यांमुळे आवाजाला धातूसारखी किणकिण येते. गोल्डी या इंग्लिश संगीतकाराच्या १९९२ च्या ‘टर्मिनेटर’मध्ये ड्रमचा वेग तोच राहून स्वर वरखाली होतो, तेव्हा ते ऐकणाऱ्यांना जमीन सरकल्यासारखं वाटलं असणार.

त्याच काळात फ्रँकफर्ट आणि रॉटरडॅममध्ये वेगळा रस्ता धरला गेला. तिथे ड्रमचे तुकडे गेले आणि रोलँडच्या ९०९ या ड्रम मशीनची किक उरली, तीही मिक्सरला झेपणार नाही इतकी जोरात. तरंगाची उंची मर्यादेबाहेर गेली की त्याचे माथे छाटले जातात. ५० हर्ट्झच्या तरंगाचे माथे दोन्ही बाजूंनी सारखे छाटले, तर त्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झचे नवे तरंग तयार होतात. लहान स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाही, पण वरचे हे तरंग ऐकून मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतःच भरून काढतो. आणखी एक गोष्ट घडते: किकची शेपटी लांबते आणि तिला ओळखता येईल असा स्वर येतो. हार्डकोरमध्ये ढोल हाच बेस असतो, तो यामुळे.

लंडनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास ‘नो यू-टर्न’ या लेबलभोवतीच्या मंडळींनी ड्रम अँड बेस काळोखं केलं, तेव्हा त्यांनी माथे छाटण्याची हीच विकृती बेसला, म्हणजे खालच्या स्वरांना, लावली. त्यांचा आवडता बेस केव्हिन सॉन्डरसनच्या १९८८ च्या डेट्रॉइटमधल्या रेकॉर्डवरून आलेला: किंचित बेसुरे असे दोन दातेरी तरंग. एक ५५ हर्ट्झचा, दुसरा ५५.५ चा धरला तर मूळ स्वर दोन सेकंदांत एकदा हेलकावतो, पण दहावा उपस्वर, म्हणजे मूळच्या दहापट कंपनसंख्येचा, सेकंदाला पाच वेळा. प्रत्येक थर आपापल्या गतीने हलतो, म्हणून तो बेस जिवंत वाटतो. इथून दोन्ही घराण्यांची हत्यारं एकच झाली.

‘द आउटसाइड एजन्सी’ या डच जोडीने हे पुरेपूर ओळखलं. त्यांच्या एका लेबलचं नावच ‘जेनोशा वन सेव्हन फाइव्ह’, म्हणजे १७५. पण असा ट्रॅक बांधणं सोपं नाही. ५० हर्ट्झची किक आणि ७० हर्ट्झचा बेस एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून सुरात न बसणाऱ्या कंपनसंख्या उगवतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून चांगल्या क्रॉसब्रीडमध्ये किक आणि बेस आळीपाळीने बोलतात. हार्डकोरची जाड किक ड्रम अँड बेसच्या तुटक ठेक्यात बसवली की दोन किकांमध्ये मोकळी जागा राहते, बेस तिथे शिरतो. मला या प्रकारातली खरी कारागिरी तिथेच दिसते. वेग आणि गोंगाट कोणालाही जमतो.

मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ड्रमच्या ठेक्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठेका अगदी सरळ असला की नाचावंसं कमी वाटतं, फार तिरका, म्हणजे आघात अपेक्षित मात्रेवरून सरकलेला, झाला तरी कमी. मधला सर्वांत जास्त हलवतो. तो अभ्यास फंकच्या धाटणीच्या ठेक्यांवर होता, तरी क्रॉसब्रीड ऐकताना मला तो आठवतो. सोळा आवर्तनं तुटक ठेका, मग अचानक प्रत्येक मात्रेवर किक. वेग एका ठोक्यानेही बदललेला नसतो, पण ८७ वर डोलणारी गर्दी १७४ वर उड्या मारू लागते.